वजा दोन

शनिवारी सकाळी खिडकीच्या फुटक्या काचेचं माप घ्यायला ओग्बायने खिळ्यावरचा टेप ओढला आणि टेपचं टोक उन्हात चमकलं.

पितळेची इवलीशी टोपी. तिच्या शेजारी एक, एकाच्या शेजारी दोन. आकडे नुकतेच न्हाऊन आल्यासारखे काळेभोर.

ओग्बाय टेप हातात धरून तसाच उभा राहिला. चाळीस वर्षं त्याच्या टेपला टोक नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लेमलेमच्या कोळशाच्या इस्त्रीने टेपचे पहिले दोन सेंटीमीटर खाल्ले. ते लढाईचे दिवस, शहरात नवा टेप मिळणार कुठून? मग जे दिसेल त्यातून दोन वजा करायचे, एवढंच. अडुसष्ट हवे असतील तर सत्तर बघायचे. पुढे ते वजा करणं श्वासासारखं झालं. घेतलेला श्वास कोण मोजतं? शेजारी थट्टा करायचे, ओग्बाय पासष्टचा, पण त्याच्या हिशेबाने त्रेसष्टचाच.

"लेमलेम," त्याने अंगणाकडे हाक मारली. "हा टेप कोणाचा?"

लेमलेम शेगडीवर कॉफीच्या बिया परतत होती. "तुझा."

"माझ्याला टोक नाही."

"आता आहे. बहिणीने जेद्दाहून पाठवला. जुन्यावरचे आकडे पार उडाले होते. तू खिडकीपाशी जाऊन डोळे बारीक करायचास, मला बघवत नव्हतं."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर घेतला असतास?"

त्याने टेपचं टोक नखाने खरवडलं. "जुना कुठाय?"

लेमलेमने मानेनेच दाखवलं. अंगणातल्या टोमॅटोच्या रोपाला काठीशी बांधून ठेवलेला पिवळा टेप वाऱ्याने हलत होता.

"नवा कधी टांगलास?"

"पाण्याचा टँकर आला त्या दिवशी. मंगळवारी."

"मंगळवारी सकाळी की संध्याकाळी?"

"आता एवढं कोण लक्षात ठेवतं? पिंपं भरली आणि टांगला. का आधी टांगला आणि मग पिंपं भरली." बियांचा धूर तिने पदराने त्याच्याकडे लोटला, रोजच्यासारखा, वास घ्यायला. "झालंय काय?"

ओग्बायने वास घेतला नाही. तो खाली बसला. मंगळवारी दुपारी शर्यतीची सायकल चालवणारी सिमरेत माप द्यायला याच भिंतीला पाठ लावून उभी होती.

अस्मारा शहरात कोणाला शर्यतीच्या सायकलची फ्रेम घ्यायची असली, की आधी ओग्बायच्या भिंतीशी उभं राहायचं. पाय अनवाणी, पावलांत वीतभर अंतर. मग एक जाडजूड वही मांड्यांमधून वर सरकवायची, सीटवर बसल्यासारखी घट्ट. ती वही म्हणजे इटालियन लोकांच्या काळातली टेलिफोनची यादी, तिच्यातला एकही नंबर आता कोणी उचलत नाही. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पाय. त्याच कडेपासून गळ्याच्या खळगीपर्यंत धड. मुठीत पेन्सिल धरायची, खांद्याच्या हाडापासून पेन्सिलीपर्यंत हात. पायाच्या आकड्याचे तीन भाग करायचे, दोन ठेवायचे, एक सोडायचा. उरली ती फ्रेम. धड आणि हात सांगतात वरचा दांडा किती लांब हवा. आकडा एकदा ओग्बायच्या तोंडून निघाला, की त्यावर कोणी दुसऱ्याला विचारत नसे.

सिमरेतचे आकडे त्याने मंगळवारी लिहून दिले होते. टेपच्या टोकाकडे बघायची त्याला चाळीस वर्षं सवयच नव्हती, आणि आकडे ठळक होते की पुसट, तेही आता आठवेना. पाय पंच्याहत्तर, धड अठ्ठावन्न, हात साठ. पंच्याहत्तरचे दोन भाग पन्नास. फ्रेम पन्नासची.

टेप जुना असेल तर खरी पन्नासच. टेप नवा असेल, आणि त्याने सवयीने दोन वजा केले असतील, तर पाय सत्त्याहत्तर. मग एक्कावन्नच्याही वर, म्हणजे बावन्न. दोन सेंटीमीटर म्हणजे मधमाशीच्या उडीएवढं अंतर. पण त्या दोन सेंटीमीटरवर माणूस चार-चार तास बसतं. गुडघे कोपरांना भिडतात, पाठीची कमान होते, श्वास पोटातच अडकून राहतो.

आणि ही फ्रेम पुन्हा मिळायची नव्हती. सिमरेतचा मामा तेकेस्ते परदेशातून, बोलोन्याहून, सहा वर्षांनी येत होता. रविवारी पहाटे त्याचं विमान. आज, शनिवारी दुपारी तो फ्रेम घेणार आणि इथे दोन वाजतील तेव्हा तिथलं दुकान बंद होणार, ते सोमवारीच उघडणार. दुकानात त्या जातीच्या दोनच फ्रेमा उरल्या होत्या, एक पन्नासची, एक बावन्नची. दोन महिन्यांनी मुलींच्या संघाची निवड. आत्ता सिमरेत चालवत होती ती चौपन्नची, संघात उरलेली, मेदेबेरच्या भंगार बाजारात दोनदा जोडून आणलेली. ती देताना कोणी तिला मोजलंच नव्हतं. जे होतं ते दिलं, आणि पोरीने चार वर्षं त्यावर अंग ताणून ताणून मान आखडून घेतली. मानेपासून अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात म्हणायची.

"पळ," लेमलेम म्हणाली. त्याने काहीच सांगितलं नव्हतं, पण टेप आणि त्याचा चेहरा तिने एकत्र वाचला होता. "सरळ मामाला फोन कर. दोन वाढवून घे म्हणावं."

"आणि टेप जुना निघाला तर? मग दोन वाढवून मीच चुकवीन."

"मग पोरीला पुन्हा मोज. बसलायस काय?"

घड्याळात साडेनऊ झाले होते. त्याने वही सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधली, टेप खिशात घातला, आणि कॉफीचा पहिला कप न घेताच बाहेर पडला. असं या घरात कधी घडलं नव्हतं.

सरावाहून परतलेली मंडळी शनिवारी माडांच्या हमरस्त्यावर, बारच्या बाहेर बसायची. सायकली भिंतीला रेललेल्या, पोटऱ्यांवर धुळीची झाक, पुढ्यात दुधाची कॉफी. संघाचा गोइतोम खुर्ची मागे झुकवून बसला होता.

"अबोय ओग्बाय, कॅरियरवर टेलिफोनची यादी? कोणाला फोन करताय, मुसोलिनीला?"

"सिमरेत कुठाय?"

"देकेम्हारेच्या चढावर आम्हाला मागे टाकून आली आणि थांबली पण नाही. काय काम काढलंत?"

ओग्बाय तोंड उघडून थांबला. माझं माप चुकलं असेल, एवढंच म्हणायचं होतं. समोर सात जण बसले होते आणि सातही जणांना त्यानेच मोजलं होतं.

"तिचा ब्रेक सैल आहे," तो म्हणाला.

"तिला ब्रेक लागतो कुठे," गोइतोम म्हणाला. बाकीचे हसले. "नवी फ्रेम येतेय म्हणे तिची, पन्नासची. पोरीबाळींचं माप. मी म्हटलं, पुढे टोपली लावून घे, भाजी आणायला होईल."

"हे तू तिला म्हणालास?"

"आम्ही सगळेच म्हणालो. चिडली की चढावर जास्त पळते."

"बेकरीत बघा," दुसरा एक जण मध्येच म्हणाला. "दहाला तिची पाळी असते."

ओग्बायने सायकल वळवली. मागून कोणी ओरडलं, "अबोय, कॉफी तरी घ्या." त्याने हात हलवला. दरीकडून धुकं वर चढत होतं आणि रस्त्याच्या टोकाची घरं एक एक करून पुसत होतं. त्याला वाटलं, आपल्या मागेही कोणी असंच पुसत येतंय. मंगळवारआधी कोणाला मोजलं होतं? त्या आधीच्या रविवारी एका पोस्टमनला. तो जुन्या टेपवर. खात्री? खात्री. आणि बुधवारपासून? बुधवारपासून कोणी नाही. म्हणजे घोळ एकाच पोरीचा, आणि नेमका हिचाच.

बेकरीत पावाच्या ट्रेमागे मालकीण तेब्लेत्स होती, कोपरापर्यंत पीठ.

"सिमरेतने आज सुट्टी घेतलीय. गोदाइफला मावसबहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा. ऐंशी दिवसांची झाली म्हणे." मग तिने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला. "पोरीने काही केलं का?"

"पोरीने नाही."

"मग तुम्ही केलंत," ती म्हणाली. सहजच म्हणाली, पाव मोजता मोजता, पण ओग्बायला ते खांद्याला लागलं. तिने गरम पाव कागदात गुंडाळून त्याच्या खिशात कोंबला. "खा आधी. उपाशी माणसाची चूक दुप्पट दिसते."

पाव खिशातच राहिला. गोदाइफचा रस्ता उताराचा, आणि उतारावर ओग्बायने पेडल मारायचं थांबवलं नाही. शाळेची पोरं बाजूला झाली. घोडागाडीवाला काहीतरी बोलला. साडेअकरा.

बाप्तिस्म्याचा मांडव लांबूनच कळला. गल्लीच्या मधोमध ताडपत्री, आत पांढऱ्या वस्त्रांची गर्दी, उसासे टाकणारे टोप, सुवाच्या बिअरची आंबट ओल. सिमरेतची चौपन्नची सायकल कुंपणाला टेकलेली होती, रंग उडालेली, जोडाच्या ठिकाणी सुजलेली. तिला पाहून ओग्बायचा जीव थोडा खाली बसला आणि लगेच पुन्हा वर आला. आता हे सगळं सांगायचं कसं?

सिमरेत इंजेराच्या भाकऱ्यांच्या टोपल्या वाढत होती. अंगात पांढरा झुरिया, काठावर सोनेरी भरतकाम, पायात प्लॅस्टिकच्या सँडल.

"अबोय? तुम्ही इथे?" मग तिने वही पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. "फ्रेम मिळाली नाही?"

"मिळेल. पोरी, तुला पुन्हा मोजायचंय. आत्ता. दोनच्या आत तुझ्या मामाला सांगायचंय."

"का?"

आजूबाजूच्या बायकांनी कान टवकारले. ओग्बायने खिशातला टेप काढला आणि तिच्यापुढे धरला. "याला टोक आहे," तो म्हणाला. "मंगळवारी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी दोन वजा केले. बहुतेक करायला नको होते."

बोलून झालं. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. त्याहून जास्त वाटलं.

सिमरेतने टोपली शेजारणीच्या हातात दिली आणि आतल्या खोलीकडे चालू लागली. तिची आजी झायद, काठीवर वाकलेली, तिच्या मागे निघाली. "वही मी धरते," आजी म्हणाली. "पुरुषमाणसाने धरायची नसते ती. आमच्या वेळी मुली सायकलवर बसत नव्हत्या ते बरं होतं, कोणाला काही मोजावं लागत नव्हतं."

दार लागलं तशी मांडवातल्या बायकांना विषय मिळाला. ढोलकं हातात होतंच. एकीने ओळ टाकली, दुसरीने उचलली, टाळ्या पडल्या:

आला गं बाई आला, टेपवाला म्हातारा,
मोजून नेतो लेकी, ठेवून जातो वारा.

खोलीत ओग्बाय गुडघ्यांवर बसला. सिमरेतने झुरिया वर खोचला होता, आत सरावाची काळी चड्डी. आजीने वही दोन्ही हातांनी वर रेटली. "अजून वर," ओग्बाय म्हणाला. "सीटवर बसल्यासारखी घट्ट." आजी पुटपुटली, पण तिने रेटली.

पितळी टोपी जमिनीला लागली. त्याने टेप ताणला आणि वाचला. ओठ आपोआप वजा करायला निघाले, त्याने ते दाताखाली धरले.

पाय साडेशहात्तर. धड साठ. हात बासष्ट.

धड आणि हात लिहिलेल्यापेक्षा बरोबर दोनने जास्त. म्हणजे टेप नवाच होता. म्हणजे मंगळवारी लेमलेमने तो सिमरेत यायच्या आधीच टांगला होता. आता सगळं उलगडलं होतं, एक सोडून.

"पायही सत्त्याहत्तर यायला हवा होता," तो म्हणाला. "अर्धा कुठे गेला?"

सिमरेतने छताकडे पाहिलं. आजीने सिमरेतकडे पाहिलं.

"टाचा," सिमरेत म्हणाली.

"काय टाचा?"

"मंगळवारी उचलल्या होत्या. थोड्याशा. एवढ्याच." तिने बोटांत चिमटीएवढं अंतर दाखवलं. "संघातली पोरं म्हणत होती, हिला पोरीबाळींची फ्रेम येणार, टोपली लावायची. म्हटलं, जरा उंच दिसलं तर बावन्न येईल. आणि तुम्ही तर पन्नास लिहिलंत. चार दिवस मला वाटतंय, खोटं बोलून पण माझं माप लहानच निघालं."

ओग्बाय तसाच जमिनीवर बसून राहिला. त्याची चूक खाली ओढणारी, तिची चूक वर ढकलणारी. त्याने मनात तीन भाग केले, दोन ठेवले. साडेशहात्तरचे दोन भाग एक्कावन्न. काटेकोर एक्कावन्न. आणि एक्कावन्नची फ्रेम त्या दुकानात नव्हतीच.

मग त्याच्या आत काहीतरी हळूच सैल झालं. चाळीस वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, माप मधे अडकलं तर लहान घ्या. लहान फ्रेमची सीट उंच करता येते, हँडल पुढे ढकलता येतं. मोठी फ्रेम कापून लहान होत नाही. त्याच्याच नियमाने पन्नास बरोबर होती. फोन करायची गरजच नव्हती. मामा पन्नास आणेल, पोरगी ती चालवेल, आणि ओग्बायचा आकडा कधी चुकत नाही हे जसं होतं तसं राहील. ही आजी आणि ही पोर सोडली तर कोणाला कळणार?

"मग काय?" सिमरेतने विचारलं. "पन्नास का बावन्न?"

"मधे आहे," तो म्हणाला. "मधे असलं की लहान घेतात."

तिने झुरिया खाली सोडला. "बरं," ती म्हणाली, आणि तिने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली, आखडलेली मान मोकळी करावी तशी. तिला स्वतःला कळलंही नाही. ओग्बायला कळलं.

"फोनच्या कचेरीत चल," तो म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात, लहान घेतात."

"चल तू. रस्त्यात ठरवू."

बाहेर आल्यावर तिने त्याची सायकल पाहिली. ती बावन्नची, इटालियन बनावटीची, त्याच्याच वयाची, कॅरियर त्याने नंतर लावलेलं. सिमरेतने वही आजीच्याच हाती राहू दिली आणि सरळ त्याच्या सायकलवर टांग टाकली.

"तुम्ही माझी घ्या," ती म्हणाली. "मी चार वर्षं चालवतेय. तुम्हाला एक दिवस चालेल."

झुरियाचा घोळ कमरेला खोचून ती निघाली. ओग्बाय चौपन्नवर चढला. पहिल्या दहा पेडलांतच त्याला हँडल दूर पळाल्यासारखं वाटलं. हात ताणले की खांदे कानापाशी, खांदे सोडले की हात अपुरे. सीटच्या टोकावर सरकावं तर मांड्या घासतात, मागे बसावं तर कंबर ओढते. गोदाइफचा तो चढ काही मोठा नव्हता, रोजचाच, पण अर्ध्यात त्याच्या मानेतून एक कळ निघाली आणि दंडातून उतरत अंगठ्यापाशी जाऊन थांबली. मुंग्या. ती म्हणायची त्याच. त्याने कितीदा ऐकलं होतं आणि कितीदा म्हटलं होतं, तेल लाव, बरं वाटेल.

त्याने मान वर केली. पुढे ती चालली होती.

लोकांना तो भिंतीशी उभं करून मोजायचा. त्यांना चालताना, चढताना बघायची वेळ फारशी येत नसे. भिंतीशी माणूस उभं असतं, सायकलवर माणूस वाहत असतं. सिमरेतची पाठ बावन्नवर हलत नव्हती. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चाललेल्या बाईची पाठ असते तशी. कमरेखाली पाय फिरत होते आणि कमरेवर सगळं निवांत. कोपरं मऊ वाकलेली. गुडघे वर येत आणि कोपरांपासून चार बोटं दूरच वळत. लांब हात होते ना तिचे, बासष्ट, आणि लांब धड. पायांनी तिला लहान म्हटलं होतं, हातांनी मोठं. पन्नासवर ती घडी घातल्यासारखी बसली असती. हँडल कितीही पुढे ढकललं तरी चाक कुठे पुढे सरकणार?

चढ संपताना तिने मागे वळून पाहिलं. "अबोय, येताय ना?"

"येतोय," तो धापा टाकत म्हणाला. "जा तू. पाऊण वाजलाय. रांगेत उभी राहा."

फोनच्या कचेरीत शनिवारची गर्दी होती. प्रत्येकाचं कोणीतरी दूर होतं. कारकून बाई कानाला यंत्र लावून देशांची नावं घेत होत्या, जशी भाजीवाली भाज्यांची घेते. बोलोन्याला लाइन लागायला अर्धा तास, म्हणाल्या. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. ओग्बाय उठून बसला, बसून उठला. खिशातला पाव सापडला, त्याने अर्धा सिमरेतला दिला. तिने खाल्ला. त्याने उरलेला हातात धरून त्याचं पीठ केलं.

एक चाळीसला बाईंनी हाक मारली. "बोलोन्या. तीन नंबरची खोली."

लाकडी खोलीत दोघं जेमतेम मावली. फोनमध्ये आधी समुद्रासारखा आवाज, मग तेकेस्ते. "कोण? अबोय ओग्बाय? सगळं ठीक ना? अहो मी दुकानातच आहे. माणूस पन्नासची बांधतोय. कागद गुंडाळून झालाय."

"सोडायला सांग."

"काय?"

"बांधलेली सोडायला सांग. बावन्नची घे."

मागे कोणीतरी इटालियनमध्ये काही विचारत होतं. "अबोय, हा दुकानदार म्हणतो, मधलं माप असेल तर नेहमी लहान घ्यावं. आणि तुमचेच आकडे मी त्याला दाखवलेत. पाय पंच्याहत्तर. त्याने मान डोलावली होती."

"त्याला सांग, तो बरोबर बोलतो. मीही तेच सांगतो सगळ्यांना." ओग्बायने फोन दुसऱ्या हातात घेतला. "पण आकडे चुकलेत. पाय साडेशहात्तर, धड साठ, हात बासष्ट. त्याला हात सांग. हात ऐकला की त्याला कळेल."

"तुमचे आकडे चुकलेत?" तेकेस्तेच्या आवाजात हसू आलं, मग ते थांबलं. ओग्बायच्या भिंतीशी तोही एकदा उभा राहिला होता, सतरा वर्षांचा असताना. "कोणाची चूक, अबोय?"

सिमरेतने फोनकडे हात केला. टाचांचं सांगायला, ओग्बायला वाटलं. त्याने मान हलवून तिला थांबवलं.

"माझी," तो म्हणाला.

एवढ्या लांबच्या तारेवरून हा शब्द त्याने कधी पाठवला नव्हता. जवळच्या तारेवरूनही नाही. पलीकडे बराच वेळ इटालियन बोलणं चाललं. हाताचा आकडा दोनदा ऐकू आला. मग कागद फाटल्याचा आवाज, लांब, सरळ, कोणीतरी दुमडलेली चादर झटकावी तसा.

"सोडली," तेकेस्ते म्हणाला. "तो म्हणतो, हे हात असतील तर तुमचा म्हातारा बरोबर आहे."

ओग्बायने फोन सिमरेतच्या कानाला लावला आणि खोलीबाहेर आला. भिंतीवरच्या घड्याळात दोनला चार मिनिटं होती.

बाहेर पायरीवर तो बसला. सिमरेत आली, दोन्ही सायकलींच्या मधे उभी राहिली.

"गोइतोमला कळेल," ती म्हणाली. "तुम्ही चुकलात ते. मामा सगळ्यांना सांगत सुटेल."

"सांगू दे."

"टाचांचं मी सांगितलं नाही."

"तेही सांगू नकोस. दोघांचं हसं करून काय मिळणार?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "उद्या ती आली, की हँडल जसं आहे तसं ठेव. मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस. गोइतोमला तर मुळीच नाही."

"आणि दुखलं तर?"

हाच प्रश्न तोही दुपारभर स्वतःला विचारत होता. "तर मी येईन," तो म्हणाला. "तू भिंतीशी उभी राहू नकोस. चढावर चालव. मी मागून बघेन."

घरी पोचला तेव्हा ऊन अंगणाच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर होतं. लेमलेमने त्याच्यासाठी कॉफी पुन्हा मांडली होती, रीतीप्रमाणे तिन्ही फेऱ्यांची. त्याने सगळं सांगितलं. ती कप भरत राहिली. मग उठली, खिळ्याकडे न जाता सरळ त्याच्या खिशात हात घातला आणि टेप काढून घेतला. शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. टेप मांडीवर सपाट केला, दोनच्या रेषेवर बोट ठेवलं.

"थांब," ओग्बाय म्हणाला. "नवा टेप आहे."

"नव्याला काय करायचंय? चाळीस वर्षांचं तुझं डोकं आता बदलणार नाही. टेप बदलतो." आणि तिने कापलं. कात्रीचा आवाज बारीक होता, नखं कापल्यासारखा. पितळी टोपीचा तुकडा तिने त्याच्या तळहातावर ठेवला.

ओग्बायने तो बराच वेळ बोटांत फिरवला. उद्या पहाटे विमान येईल. परवा फ्रेम उघडेल. तोवर त्याला झोप लागणार नव्हती आणि हे दोघांनाही माहीत होतं. त्याने टेप उचलला, लेमलेमचा हात आपल्याकडे ओढला, खांद्याच्या हाडापासून मुठीपर्यंत टेप लावला आणि डोळे बारीक न करता वाचला.

"एकसष्ट."

"वजा दोन," लेमलेम म्हणाली, आणि हात त्याच्याकडेच राहू दिला.